कालवडीसोबत तिची आई उभी करा

माणदेशातल्या कुठल्याही जनावरांच्या प्रदर्शनाला जा, कालवडींचा गट शेवटी येतो. आधी वळू, मग दातांप्रमाणे आदत-दुसा-चौसा खोंड, मग बैलजोड्या, मग गायी. ऊन कलायला लागलं, मंडपातले पाहुणे भाषणं आटोपून उठले, की कालवडींची हाक होते. वळूभोवती तासभर फिरणारे पंच हा गट बघता बघता उरकतात. बक्षिसाची रक्कमही त्याच हिशेबाची. मी पशुवैद्यक आहे. आटपाडी, म्हसवड, सांगोला या पट्ट्यात खिल्लार जनावरांवर उपचार करते आणि अलीकडे यात्रांमध्ये पंच म्हणूनही उभी राहते. या क्रमाला माझा विरोध आहे. पुढच्या वीस वर्षांतलं खिल्लार कसं असेल हे ज्या गटात ठरतं, नेमका तोच गट आपण सर्वांत घाईत बघतो.

खिल्लार ओळखणारी नजर इथे घरोघरी आहे. आटपाडी महालचं जनावर करडं-पांढरं. म्हसवडकडचं पुढच्या आणि मागच्या अंगाला काळसर झाक मारणारं. तापीकाठची थिल्लारी पांढरी, नाक आणि खूर गाजरी रंगाचे. शिंगं बुडाशी जवळजवळ, निम्मी मागे जाऊन मग कमानीने वर वळलेली. नुकतं जन्मलेलं वासरू माथ्यावर तांबूस असतं आणि दोनेक महिन्यांत ती झाक जाते, हे इथल्या बायकांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. जातीची ही लक्षणं बघायलाच हवीत. ती बघितली नाहीत तर खिल्लार म्हणून काय राखायचं हाच प्रश्न उरेल.

पण कालवड मैदानात आली की पारख तिथेच थांबते. रंग, शिंगं, नाकपुडी, कातडीची तुकतुकी. त्यात शिंगं तासून तेल लावलेली, अंगावर झूल, गळ्यात घुंगरांचा पट्टा. आणि मग भोवरे. पाठीवर भोवरा कुठे आहे, मानेवर गोम आहे का, ती कुठल्या दिशेला तोंड करून आहे, यावर बाजारात हजारोंनी भाव वर-खाली होतो. केसांच्या वळणाचा आणि गर्भाशयाचा काडीचाही संबंध नाही. गोम आहे म्हणून बाजारातून तशीच परत गेलेली, सगळ्या अंगाने निकोप कालवड मी पाहिली आहे. आणि भोवरा उत्तम म्हणून दुप्पट दाम देऊन घेतलेली, एकदाही गाभण न राहिलेलीही पाहिली आहे.

मी आधी झूल उतरवायला सांगते आणि जनावर चालवायला लावते. दावं सैल सोडून, कडक जमिनीवर, वीस-पंचवीस पावलं जाऊन परत. बघायचं असतं ते एवढंच, की पुढच्या खुराने सोडलेल्या ठशावर किंवा त्याच्या अगदी जवळ मागचा खूर पडतो का. पडत असेल तर खांदा, पाठ आणि मागचे पाय एकमेकांशी जमलेले आहेत. मागचं पाऊल तोकडं पडत असेल तर दोष कुठेतरी आहे, तो शोधायचा. मागून पाहिलं तर ढोपरं एकमेकांना घासतात का. बाजूने पाहिलं तर मागचा पाय विळ्यासारखा फार वाकलेला आहे का, की खांबासारखा ताठ आहे. ताठ पायाची कालवड उभी असताना फोटोत देखणी दिसते, म्हणून लोक फसतात. चार-पाच वेतांनंतर तिचेच सांधे सुजतात. खुराचे दोन्ही भाग सारखे, घट्ट, फट कमी. माळावर कोस-दोन कोस चरून परत येणाऱ्या गायीला पाय आणि खूर यांशिवाय दुसरा आधार नाही.

मग मी तिच्या मागे जाते. ही जागा पंच सहसा टाळतात, कारण तिथे उभं राहून फोटो येत नाही. शेपटीच्या बुडाखाली दोन्ही बाजूंना बैठकीची हाडं हाताला लागतात. त्या दोहोंत अंतर किती आहे आणि कमरेच्या हाडांपेक्षा ती किंचित खाली आहेत का, हे बोटांनी चाचपून बघायचं. ती जवळजवळ असतील, किंवा कमरेच्या हाडांपेक्षा उंच असतील, तर वासरू बाहेर यायची वाट अरुंद असण्याची भीती. पातळ, लांबुळक्या, आखडत्या पुठ्ठ्याची कालवड इथे ‘काटक’ म्हणून वाखाणली जाते. बैलाच्या अंगी तो काटकपणा शोभतो. पण कालवडीला एक दिवस विणं आहे.

एका थंडीत मध्यरात्रीनंतर एका वस्तीवरून फोन आला. पहिलारू, संध्याकाळपासून कळा देत होती. पोचले तेव्हा वासराचे पुढचे दोन्ही पाय बाहेर होते, नाक आत अडकलेलं, जीभ निळी पडलेली. हात आत घातला तर माझ्या मनगटाला दोन्ही बाजूंनी हाड दाबत होतं. घरातली सासू कंदील धरून उभी होती, सून कालवडीच्या मानेशी बसून तिच्याशी बोलत होती. वंगण लावून, कळेबरोबर एकेक पाय थोडा थोडा ओढत वासरू बाहेर काढलं, पण ते मेलेलं होतं. खोंड होता, मोठ्या हाडाचा. कालवड त्यानंतर तीन दिवस उठली नाही. ओढाताणीत मांडीकडे जाणाऱ्या नसा दबल्या होत्या. आदल्या वर्षीच्या यात्रेतलं बक्षिसाचं प्रमाणपत्र त्याच पडवीत, भिंतीवर होतं. रंग, शिंग, नाक सगळ्यांत ती पहिली आली होती. तिच्या मागे कोणी उभं राहिलेलं नव्हतं.

मागेच उभं असताना खाली बसायचं आणि कास बघायची. कालवडीला कास भरलेली नसते, पण सड असतात आणि त्यांची जागा ठरलेली असते. चार सड, चारी सारखे, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. दोन सड चिकटून असतील, किंवा एखादा पाचवा बारका सड मधे असेल, तर तो लहानपणीच दिसतो आणि पुढे वासराला पिताना, बाईला धार काढताना त्रास देतो. खिल्लारचं दूध कमी, वासरू वाढावं आणि घरात चहापुरतं व्हावं इतकंच. म्हणून कास बघायचं कारण नाही असं मानणारे पंच मला भेटतात. दूध कमी असतं तेव्हा एक सड बंद पडणं जास्त महागात पडतं.

एक प्रश्न मी प्रत्येक मालकाला विचारते, आणि त्यावर हमखास भुवया उंचावतात: ही जुळ्यातली आहे का? कालवड खोंडाबरोबर जुळी जन्मली असेल तर दहांतल्या नऊपेक्षा जास्त वेळा ती वांझ निघते. पोटात असताना दोघांचं रक्त एकत्र होतं आणि खोंडाच्या बाजूच्या द्रव्यांमुळे कालवडीचं गर्भाशय नीट घडतच नाही. बाहेरून ती धडधाकट दिसते, उलट अंगाने जरा जास्तच भरते, आणि म्हणून बक्षीसही घेऊन जाते. बाजारात ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही.

वजनाचं थोडक्यात. पूर्ण वाढलेल्या गायीच्या साठ-पासष्ट टक्के वजन होईपर्यंत कालवड भरवू नये. खिल्लार गाय साडेतीनशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे सव्वादोनशेच्या अलीकडे घाई नको. वजनकाटा लागत नाही. शिंप्याची टेप घ्यायची, छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. घेर ५६, लांबी ४८ असेल तर उत्तर २२८ किलो. थोडंफार इकडेतिकडे, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा बरं. इथे अनेक कालवडी चार वर्षांच्या होऊन मग पहिल्यांदा वितात, त्याचं कारण जातीइतकंच दावणीवरही आहे. दुष्काळात चारा छावणीच्या पेंढीतला चांगला भाग खोंडाच्या पुढ्यात जातो आणि उरलेलं कालवड चघळते, हे मी २०१३ मध्येही पाहिलं आणि २०१९ मध्येही.

आता मुख्य मुद्दा. कालवडीच्या अंगावर जे दिसतं ते अर्धंच आहे. ती दर वर्ष-सव्वा वर्षाने वेत देईल का, तिला पान्हा येईल का, वासरू जवळ घेईल का, म्हातारपणी तिचे पाय आणि कास टिकतील का, यांतलं काहीही दोन दाती कालवडीच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ते तिच्या आईच्या अंगावर असतं. सहा-सात वेतं झालेली आई शेजारी उभी केली की पंचाला फार बोलावं लागत नाही. तिची कास लोंबलीय की पोटाला धरून आहे, खूर वाढलेत का, पाठ खचलीय का, वासराला ती हुंगते की लाथ मारते, सगळं समोर असतं.

खरसुंडीला एका आप्पांशी माझा यावर वाद झाला. पांढरा फेटा, हातात चाबूक, तीन पिढ्यांची खिल्लारं. म्हणाले, “बाई, कालवडीचं काय बगायचं? वळू ब्येस आसला की बास. बी चांगलं तर पीक चांगलं.” मी त्यांना म्हटलं, “आप्पा, तुमच्या शर्यतीच्या खोंडाचं निम्मं रक्त आईचं. त्यातही एक्स गुणसूत्र तर खोंडाला आईकडूनच मिळतं, बापाकडून मिळतच नाही. आणि पेशीपेशीत ताकद तयार करणारे जे कण असतात, तेही सगळे आईचेच. मग धावतो कोण?” आप्पा गप्प राहिले आणि मग सोबतच्या नातवाला म्हणाले, “जा, हिची आय आन.” ती आली. बारा वर्षांची गाय, दात झिजलेले, कास अजून घट्ट, चाल सरळ. तिच्या कालवडीला त्या दिवशी मी पहिला नंबर दिला. तिच्या मानेवर गोम होती.

आप्पांचा मुद्दा हवेतला नाही, हे मान्य. बैलगाडा शर्यतीवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी उठवली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि खोंडांच्या किमती लाखांत गेल्या. ज्यांनी दावणीवरून खिल्लार घालवली होती, त्यांनी परत आणली. याचा मला मनापासून आनंद आहे. पण पैसा सगळा नराच्या मागे लागला. शर्यत मारणाऱ्या एका वळूकडे सगळा तालुका गायी घेऊन जातो. चार वर्षांनी त्याच्याच मुली माजावर येतात आणि त्याच्याकडेच आणल्या जातात. बाप-लेकीच्या संकरात वासराच्या गुणसूत्रांचा पंचवीस टक्के भाग दोन्हीकडून एकसारखा येण्याची शक्यता असते. कमकुवत वासरं, उलटणाऱ्या गायी, उशिरा माज, हे त्यातूनच येतं. कालवड कोणाची आहे हे लिहून ठेवलेलंच नसेल, तर हे थांबवणार कसं?

जगात कालवड कशी निवडतात हे सांगायला हवं. अमेरिका, ऑस्ट्रेलियात बरीच गुरं मांसासाठी पाळतात. तिथला पशुपालक वर्षाच्या कालवडीच्या कटीची रुंदी उपकरणाने मोजून घेतो, गर्भाशयाला गुण देतो, आणि हंगामाच्या पहिल्या एकवीस दिवसांत कोण गाभण राहिली याची नोंद ठेवतो, कारण लवकर गाभण राहणारी कालवड कळपात जास्त वर्षं टिकते हे तिथे अनुभवाने पक्कं झालं आहे. जी राहत नाही ती हंगाम संपताच कत्तलीला जाते. त्यांची चूक महिन्या-दोन महिन्यांत निस्तरते. आपल्याकडे गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. तो कायदा असावा की नसावा, हा वाद मी इथे काढत नाही. मी एवढंच म्हणते, की आपण चुकीची कालवड निवडली तर ती पंधरा-वीस वर्षं दावणीला आहे. तिचं खाणं, तिचं पाणी, तिच्यामुळे न मिळालेली वेतं, हा सगळा भार तीन एकर कोरडवाहूच्या घरावर. म्हणून आपली पारख मांसासाठी गुरं पाळणाऱ्यांपेक्षा कडक हवी. आज ती त्यांच्यापेक्षा ढिली आहे.

आणि वशिंडाच्या गुरांमध्ये कालवडीचं, गायीचं मोल कुठवर जाऊ शकतं याचं उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. आंध्रच्या किनाऱ्यावरची ओंगोल गुरं तिकडे गेली, तिथे त्यांना नेलोर म्हणतात. पिढ्यान् पिढ्यांच्या वंशावळी लिहून, आईच्या नोंदी तपासून, लवकर वयात येणाऱ्या कालवडी निवडून तिथल्या लोकांनी ती जात घडवली. वियातिना-१९ या नेलोर गायीची एक-तृतीयांश मालकी २०२३ मध्ये लिलावात विकली गेली. त्या हिशेबाने अख्ख्या गायीची किंमत चाळीस लाख डॉलरच्या वर गेली. वळूची नव्हे, मादीची. आपल्याच देशातून गेलेल्या रक्ताची. तिथला उद्देश मांसाचा आहे, आपला ओढकामाचा आणि शर्यतीचा. पण आईची नोंद ठेवणं ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

राज्य सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला राज्यमाता-गोमाता घोषित केलं आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी रोज ५० रुपये अनुदान ठरवलं. भाकड झालेल्या गायीची सोय व्हायला हवी, यात दुमत नाही. त्यासोबतच, भाकड राहणार नाही अशी कालवड निवडणाऱ्या शेतकऱ्याच्या पाठीवरही थोडा हात फिरवावा.

यात्रा समित्यांकडे माझं मागणं साधं आहे. कालवडींचा गट सकाळी, वळूंच्या आधी घ्यावा. झूल, घुंगरं उतरवून जनावर चालवून दाखवणं सक्तीचं करावं. कालवडीसोबत तिची आई आणावी. आई मेली किंवा विकली असेल तर थोरली बहीण, आणि तीही नसेल तर कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावरून आईच्या वेतांची नोंद दाखवावी. बिल्ले टोचले गेले आहेत, त्यावर नोंदी चढवणं तेवढं राहिलंय. आईला आणायचं तर टेम्पोचं भाडं वाढतं, ही तक्रार मला ऐकू येते. ते भाडं समितीने द्यावं. पाहुण्यांच्या शाली-नारळांतून तेवढे पैसे निघतात. चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच द्यायची सांसर्गिक गर्भपाताची लस, म्हणजे ब्रुसेलाची, दिल्याचा दाखला प्रवेशासाठी मागावा. आणि पहिल्या नंबरच्या बक्षिसाची निम्मी रक्कम त्या दिवशी, निम्मी कालवड सुखरूप विल्यानंतर द्यावी. मग बघा, पंचही मागे जाऊन उभे राहतील.

आणखी एक. कालवडीचा पहिला माज घरातल्या बाईच्या लक्षात येतो. खिल्लार कालवडी फार हंबरत नाहीत. सकाळी शेण काढताना शेपटीला लागलेला काचेसारखा बळस ती बघते, त्यावरून दिवस मोजते, एकवीस दिवसांनी पुन्हा बघते. ही नोंद तिच्या डोक्यात असते आणि प्रदर्शनाच्या मैदानात तिला कोणी बोलावत नाही. पंचांनी मालकाला विचारावं तसं तिलाही विचारावं: माजावर कधी आली, माज किती वेळ टिकला, उलटली का. उत्तर मिळेल, आणि नेमकं मिळेल.

पुसेगाव, सोलापूरचा सिद्धेश्वर, खरसुंडीची पौष यात्रा असा हंगाम आता तोंडावर आहे. समित्यांची पत्रकं अजून छापायला गेली नसतील, तर कालवडीच्या गटापुढे एवढी एक ओळ घालावी: आईसह हजर राहावे.